प्रयोगशाळेतल्या उंदरांचं बालपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम. फार्म. आणि पीएच. डी. करणारी मुलं, नव्याने रुजू झालेले प्रकल्प-सहायक, कधी कधी त्यांचे गाइड, सगळ्यांकडून गेली कित्येक वर्षं हेच प्रश्न येतात. प्रयोग फसला की येतात, तो ठरवताना क्वचितच येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. 'रॅट' म्हणजे मोठा उंदीर, 'माऊस' म्हणजे छोटा, अनेकवचन 'माइस'. एका बाळंतपणात झालेली सगळी पिल्लं म्हणजे एक 'वेत'.

१. सगळे उंदीर एकाच जातीचे, एकाच वयाचे, एकाच वजनाचे घेतले. मग ते लहानपणी कसे वाढले याने काय फरक पडणार?

फरक पडतो, आणि नेमका तुम्ही मोजणार असता त्याच गोष्टीत पडतो. ताण आला की कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांचं ताणाचं हार्मोन) किती चढतं आणि किती वेळाने उतरतं, मोकळ्या जागेत प्राणी किती हिंडतो, साखर कशी हाताळतो, संसर्गाला कसा तोंड देतो, या सगळ्याची घडी गर्भात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बसते. तुमच्या हातात येणारा आठ आठवड्यांचा रॅट कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याची आई पहिलटकरीण होती का, तिला घरटं करायला काही मिळालं होतं का, दूध कधी तोडलं, वाटेत किती तास तो खोक्यात होता, हे सगळं तो अंगावर घेऊन येतो.

'जात एक म्हणजे जनुकं एक' हाही गैरसमज आहे. आपल्याकडचे नेहमीचे विस्टार रॅट आणि स्विस अल्बिनो माइस आउटब्रेड असतात, म्हणजे त्यांच्यात जनुकीय फरक मुद्दाम राखलेला असतो. ब्लॅक सिक्स किंवा बाल्ब-सी या इनब्रेड जातींची जनुकं जवळपास सारखी असतात, आणि तरीही त्यांच्यात बालपणाचा फरक दिसतो (प्रश्न ५ पाहा).

२. 'बालपण' म्हणजे नेमके किती दिवस धरायचे?

माऊसची गर्भावस्था १९ ते २१ दिवसांची, रॅटची २१ ते २३ दिवसांची. पिल्लं जन्मतात तेव्हा गुलाबी असतात, केस नाहीत, डोळे-कान बंद. पोटाची कातडी इतकी पातळ असते की आत गेलेलं दूध पांढऱ्या पट्ट्यासारखं बाहेरून दिसतं. पिल्लं पाजली जात आहेत की नाही हे ओळखण्याची ती सगळ्यात साधी खूण. साधारण दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं दाणे कुरतडू लागतात, २१व्या दिवसाच्या आसपास दूध तोडतात. पुढे वयात येण्याचा काळही नाजूक असतो. तो बालपणात धरला जात नाही, पण धरायला हवा (प्रश्न ११).

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: जन्माचा दिवस काही लॅब शून्य धरतात, काही एक. 'पी७' (जन्मानंतरचा सातवा दिवस) लिहिलेल्या दोन पेपरांत प्रत्यक्षात एका दिवसाचं अंतर असू शकतं, आणि या वयात एक दिवस मोठा असतो. तुम्ही काय धरलं ते लिहा.

३. पिल्लांना रोज उचललं, वजन केलं, तर काही बिघडतं का?

बिघडतं असं नाही, पण बदलतं. हा शोध अपघातानेच लागला. १९५०च्या दशकात अमेरिकेत सेमोर लेव्हिन यांनी रॅटच्या पिल्लांचे तीन गट केले. एकाला सौम्य विजेचे झटके, दुसऱ्याला नुसतं उचलून बाजूला ठेवून परत आणणं, तिसऱ्याला अजिबात हात न लावणं. झटके बसलेली पिल्लं मोठेपणी भित्री होतील अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. हात न लावलेला गटच सगळ्यात कमकुवत निघाला. थोडा वेळ आईपासून दूर नेलेली पिल्लं मोठेपणी ताणाला अधिक संयमाने तोंड देत होती.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला म्हणजे वेळेचा. रोज पंधरा मिनिटं दूर ठेवणं आणि रोज तीन तास दूर ठेवणं यांचे परिणाम वेगळे, पुष्कळदा विरुद्ध दिशेचे. पहिल्याला 'हँडलिंग' म्हणतात, दुसऱ्याला 'मॅटर्नल सेपरेशन'. दुसरा धडा कंट्रोल गटाचा (ज्याच्याशी तुलना करायची तो गट), आणि तो फार जण विसरतात. ज्या पिल्लांना तीन आठवडे कुणी हातही लावला नाही, ज्यांचा पिंजराही साफ केला नाही, ती 'सामान्य' नव्हेत. अ‍ॅनिमल हाउसच्या नेहमीच्या साफसफाईत वाढलेली पिल्लं हा तिसराच प्रकार. तुमचा कंट्रोल यातला कुठला, हे आधी ठरवा. एका गटाची पिल्लं रोज तोलायची आणि दुसऱ्याची आठवड्यातून एकदा, असं केलंत तर औषधाइतकाच तराजूचाही परिणाम मोजाल.

४. आईने चाटल्यामुळे पिल्लांची जनुकं बदलतात असं वाचलं. खरं आहे का?

जनुकांची अक्षरं बदलत नाहीत. ती किती वाचली जातात ते बदलतं.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने रॅटच्या बाळंतिणी तासन् तास नुसत्या पाहिल्या. काही आया पिल्लांना खूप चाटतात, पाठीची कमान करून त्यांना खाली ऐसपैस पिऊ देतात. काही कमी चाटतात. दोन्ही आया नॉर्मल, दोन्हींची पिल्लं जगतात, वजनंही नीट. पण १९९७ साली या गटाने दाखवलं की भरपूर चाटल्या गेलेल्या पिल्लांमध्ये मोठेपणी ताणाच्या हार्मोनची उसळी कमी असते. २००४ साली मोशे झिफ यांच्या साथीने त्यांनी त्यामागचं यंत्र मांडलं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचं जे जनुक आहे, त्याच्या सुरुवातीच्या भागावर कमी चाटलेल्या पिल्लांत मिथाइल गटांची झाकणं जास्त बसलेली होती. रिसेप्टर कमी, म्हणून ताणाला लगाम कमी. पिल्लं अदलाबदल करून दुसऱ्या आईला दिली तेव्हा खूण पाजणाऱ्या आईप्रमाणे पडली. मोठ्या झालेल्या रॅटच्या मेंदूत एक विशिष्ट रसायन सोडल्यावर ती बरीचशी पुसलीही गेली.

हे काम भारावून टाकणारं आहे, पण ते एका जातीच्या रॅटवर, एका जनुकाच्या एका भागावर झालेलं आहे. 'आईच्या स्पर्शाने नशीब लिहिलं जातं' अशी वाक्यं त्यावरून ओढून काढू नका. तुमच्या प्रयोगापुरता अर्थ साधा आहे: शेजारच्या दोन पिंजऱ्यांतल्या दोन निरोगी आया दोन वेगळ्या तऱ्हेचे प्रौढ रॅट घडवू शकतात, आणि वजनाच्या काट्यावर ते कळणार नाही.

५. मग एखादा गुण आईच्या वागण्यातून आला की रक्तातून, हे ओळखायचं कसं?

पिल्लं जन्मल्यावर लगेच दुसऱ्या बाळंतिणीला देणं, म्हणजे क्रॉस-फॉस्टरिंग, हा रूढ उपाय. दाई-आईची पिल्लं त्याच एक-दोन दिवसांतली असावीत. आणि अदलाबदलीचाही स्वतःचा परिणाम होतो, म्हणून काही पिल्लं तशाच दुसऱ्या आईला, पण स्वतःच्याच जातीत, द्यावी लागतात. नाहीतर 'दत्तक गेल्याचा' आणि 'दुसऱ्या जातीच्या आईचा' परिणाम वेगळा काढता येत नाही.

पण एवढंही पुरत नाही, कारण गर्भाशयही आईचंच. २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. ब्लॅक सिक्स माइस धीट, बाल्ब-सी बुजरे, हे सर्वांना ठाऊक. संशोधकांनी ब्लॅक सिक्सचे भ्रूण बाल्ब-सी मादीच्या पोटात रुजवले आणि जन्मानंतरही बाल्ब-सी आईकडेच वाढवले. मोठेपणी ते जनुकांनी पूर्ण ब्लॅक सिक्स होते, पण अनेक चाचण्यांत बाल्ब-सीसारखे वागले. नुसता गर्भ बदलून किंवा नुसती पाजणारी बदलून हे घडलं नाही. दोन्ही लागले.

६. एका आईची सहा पिल्लं घेतली, म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) = ६ झाला ना?

नाही. गर्भार आईला औषध दिलं असेल, तिचा आहार बदलला असेल, किंवा अख्ख्या वेताला एकच वागणूक दिली असेल, तर एन = १.

सहा भावंडांनी एकच गर्भाशय, एकच दूध, एकच घरटं वाटून घेतलेलं असतं. ती एकमेकांसारखी असणारच. त्यांना सहा स्वतंत्र साक्षीदार मानलं की संख्याशास्त्र तुम्हाला नसलेला फरक असल्याचं सांगतं. गर्भावस्थेत व्हॅलप्रोएट हे अपस्माराचं औषध देऊन केलेल्या ऑटिझमच्या मॉडेलवरचे ३४ अभ्यास २०१३ साली एका परीक्षणात तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी फक्त ३ अभ्यासांनी वेत हे एकक योग्य रीतीने धरलेलं आढळलं.

प्रौढ प्राण्यांना औषध देतानाही हाच फास बसतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट सांगतो. एका वनस्पतीच्या अर्कामुळे भीती कमी होते का, ते एलिव्हेटेड प्लस मेझवर (उंचावरची, अधिक चिन्हासारखी वाट, दोन बाजू उघड्या, दोन भिंतींच्या) पाहत होतो. सहा रॅट औषधाचे, सहा कंट्रोलचे. औषधाचे रॅट निवांत उघड्या बाजूवर फिरत होते, कंट्रोलचे कोपऱ्यात. आलेख इतका सुंदर आला की दोन दिवस आम्ही त्याच आनंदात होतो. मग मी ब्रीडिंगचं रजिस्टर उघडलं. औषधाचे सहाच्या सहा एकाच अनुभवी आईचे, आतल्या कोपऱ्यातल्या रॅकवरचे. कंट्रोलचे दोन पहिलटकरणींचे, आणि त्यांचे पिंजरे दाराशेजारी, जिथे रोज ट्रॉली आपटायची. पिंजरे ज्या क्रमाने हाताला लागले, त्या क्रमाने आम्ही गट पाडले होते. पुन्हा प्रयोग केला, या वेळी प्रत्येक वेताची पिल्लं दोन्ही गटांत वाटून. फरक गेला. तो अर्क आजही कुणी भीतीवरचं औषध म्हणून अभ्यासत असेल तर मला नवल वाटणार नाही, कारण पहिला आलेख तेवढा पटणारा होता.

म्हणून: औषध पिल्लांना द्यायचं असेल तर प्रत्येक वेतातून प्रत्येक गटात एकेक पिल्लू टाका. आईला द्यायचं असेल तर आयांची संख्या वाढवा, एका आईची जास्त पिल्लं घेऊन भागत नाही. विश्लेषणात वेत हा रँडम घटक धरा, किंवा वेताची सरासरी घ्या.

७. एका वेतात किती पिल्लं ठेवायची?

रॅटच्या मादीला सहसा १२ स्तनं, माऊसच्या मादीला १०. पिल्लं जास्त झाली की दुधाची वाटणी कमी. मुद्दाम तीन-चारच पिल्लं ठेवली तर ती दूध पिऊन गुटगुटीत होतात, आणि लहानपणीच्या अतिपोषणाचं मॉडेल म्हणून हेच वापरतात. म्हणजे तुमच्याकडे एका गटाची वेतं चारची आणि दुसऱ्याची बाराची असतील, तर नकळत तुम्ही पोषणाचाही प्रयोग करताय. बहुतेक ठिकाणी पहिल्या काही दिवसांत वेत आठावर आणतात, शक्यतो चार नर चार माद्या. संख्या कोणतीही ठेवा, सगळीकडे एकच ठेवा आणि मूळ संख्याही नोंदवा.

८. २१व्या दिवशीच दूध का तोडायचं? जागा कमी आहे, १६-१७व्या दिवशी तोडलं तर चालेल का?

२१ हा आकडा सोयीचा आहे, निसर्गाचा नाही. आईजवळ राहू दिली तर पिल्लं त्यानंतरही अधूनमधून पितात. पण त्याआधी तोडू नका. माइसची पिल्लं तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच तोडली तर मोठेपणी ती अधिक भित्री होतात, हे जपानमधल्या संशोधकांनी वारंवार दाखवलं आहे. खाऊ लागली, म्हणजे स्वतंत्र झाली, असं नसतं. दुधाबरोबर आईची ऊब, वास आणि तिच्या आतड्यातले जंतूही मिळत असतात.

खरी अडचण पुष्कळदा अशी असते की नर पिंजऱ्यातच राहिला, विण्याबरोबर मादी पुन्हा गाभण राहिली, आणि पहिलं वेत मोठं होण्याआधी दुसरं आलं. मग घाईने दूध तोडावं लागतं. नर वेळेवर वेगळा करा, प्रश्नच उरत नाही.

तोडल्यावर एकेकटं ठेवू नका. २१व्या दिवसापासून एकटं वाढवलेला रॅट हे संशोधनातलं एक वेगळंच मॉडेल आहे, अस्वस्थपणा आणि अतिचपळता असलेलं. २०१२ साली माइसमध्ये हेही दिसलं की दूध तोडल्यानंतरचे दोन आठवडे एकटेपणात गेले तर मेंदूच्या पुढच्या भागातल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण नीट जाड होत नाही, आणि नंतर सोबत दिली तरी ते भरून निघत नाही.

९. आमच्याकडे पिंजऱ्यात भाताचं तूस घालतात. त्यात वाईट काय?

तूस ओल शोषायला ठीक आहे, पण त्याचं घरटं होत नाही. ते विणलं जात नाही, उभं राहत नाही. बाळंतीण उंदरीण काय करते ते एकदा सावकाश बघा. ती तोंडाने कागदाची पट्टी ओढते, दातांनी उभी चिरते, फिरून फिरून वाटीसारखा आकार देते, मग एकेक पिल्लू मानेला धरून आत आणते. कागद मिळाला नाही तर ती तूसच पायांनी ढकलत राहते, पिल्लं बाजूला घरंगळतात, ती त्यांना पुन्हा गोळा करते, पुन्हा तूस ढकलते.

हेच दृश्य मुद्दाम घडवून एक मॉडेल तयार झालं आहे. कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला टॅली बारम यांच्या गटाने जन्मानंतरच्या दुसऱ्या ते नवव्या दिवसापर्यंत बाळंतिणीला अगदी थोडं घरट्याचं सामान दिलं. आई पिल्लांजवळ एकूण वेळ जवळजवळ तेवढाच घालवते, पण तुकड्या-तुकड्यांनी, कधी येईल कधी जाईल याचा नेम नाही. त्या पिल्लांची स्मरणशक्ती आणि ताणाची यंत्रणा मोठेपणी बिघडलेली दिसते. म्हणजे एका ठिकाणी 'लहानपणीचा छळ' म्हणून जे मुद्दाम केलं जातं, तेच दुसऱ्या ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी रोज होतं आणि त्या उंदरांना कंट्रोल म्हटलं जातं. हे मला फार खुपतं. टिश्यू पेपरच्या पट्ट्या महाग नसतात. कापसाचे लांब धागे मात्र टाळा, पिल्लांच्या पायाला गुंततात.

ऊब हाही यातलाच भाग. खोली २२ अंशांवर ठेवलेली असते ती ॲप्रन घातलेल्या माणसांच्या सोयीने. माऊसला ज्या तापमानाला अंग गरम ठेवायला जादा शक्ती खर्चावी लागत नाही ते साधारण ३० अंश. पिल्लांना स्वतःची ऊब धरताच येत नाही, ती एकमेकांना चिकटून आणि घरट्यात शिरून जगतात. एसी थेट रॅकवर येतो का, वीज गेल्यावर खोली कशी तापते, हे थर्मामीटरने पिंजऱ्याच्या उंचीवर मोजा, दारावरच्या डिस्प्लेवर जाऊ नका.

१०. एकाच वेतातल्या दोन बहिणी एकमेकींहून अगदी वेगळ्या वागतात. का?

कारणं अनेक असतील, पण एक असं आहे जे ऐकून सगळे थबकतात. गर्भात पिल्लं शेंगेतल्या दाण्यांसारखी ओळीने असतात. दोन नरांच्या मधल्या मादी-गर्भापर्यंत शेजाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन पोचतं. फ्रेडरिक व्होम साल यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून माइसमध्ये हे दाखवलं. दोन नरांमधली मादी मोठेपणी जास्त भांडकुदळ, दोन माद्यांमधली मादी नरांना जास्त आकर्षक. तुम्ही शेजार ठरवू शकत नाही. पण जन्मलेल्या मादीत गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधलं अंतर मोजलं तर थोडा अंदाज येतो. हार्मोनवर काम करत असाल तरच या फंदात पडा. बाकीच्यांनी वेतं पुरेशी घेतली की हा फरक सगळ्या गटांत विखुरतो.

११. आम्ही प्राणी बाहेरून मागवतो. आठवडाभर स्थिरावू दिले की झालं ना?

प्रौढ प्राण्यांच्या बाबतीत पुष्कळसं झालं. वयात येताना पाठवलेल्यांच्या बाबतीत नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जेफ्री ब्लॉस्टीन यांच्या गटाला असं आढळलं की साधारण सहा आठवड्यांच्या वयात पुरवठादाराकडून प्रवास करून आलेल्या ब्लॅक सिक्स माद्या मोठेपणी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन देऊनही नराला नीट प्रतिसाद देत नाहीत. त्याच माद्या त्याआधी किंवा पूर्ण वयात आल्यावर पाठवल्या तर असं होत नाही. एकच प्रवास, पण चुकीच्या वयात, आणि परिणाम आयुष्यभर. त्यामुळे प्राणी मागवताना कोणत्या वयात ते ट्रकमध्ये बसणार, हे विचारा. अर्धे विकत आणलेले आणि अर्धे घरचे, असे गट तर कधीच पाडू नका.

१२. जितका जंतुमुक्त उंदीर तितका निकाल भरवशाचा, असं नाही का?

एका मर्यादेपर्यंत. रोगजंतू नकोतच. पण जंतूंशिवाय रोगप्रतिकारशक्ती शिकत नाही, आणि ती शिकण्याचा काळ बालपणच.

एकाच जातीच्या माइसमध्येही पुरवठादारानुसार फरक पडतो. २००९ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी दाखवलं की टॅकोनिककडच्या ब्लॅक सिक्सच्या आतड्यात टीएच१७ या रोगप्रतिकारक पेशी भरपूर, जॅक्सनकडच्यांत फार कमी. कारण निघालं एक धाग्यासारखा जिवाणू, जो पहिल्यांत होता आणि दुसऱ्यांत नव्हता.

याहून मोठं उदाहरण औषधांचं. मार्च २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ या अँटिबॉडीची पहिली मानवी चाचणी झाली आणि औषध मिळालेले सहाच्या सहा स्वयंसेवक अतिदक्षता विभागात गेले. या प्रकारच्या अँटिबॉडीने प्रयोगशाळेच्या उंदरांत दाह शांत करणाऱ्या पेशी वाढल्या होत्या. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या बार्बरा रेहरमान यांच्या गटाने ब्लॅक सिक्सचे भ्रूण रानटी माऊसच्या माद्यांत रुजवले. जन्माला आलेल्या माइसची जनुकं लॅबची होती, पण जन्माच्या वाटेवर आणि आईच्या अंगावर त्यांना रानातले जंतू मिळाले. त्यांना 'वाइल्डलिंग' म्हणतात. त्याच प्रकारची अँटिबॉडी दिल्यावर या माइसमध्ये माणसांसारखी दाहाची लाट आली. फरक कुठून आला? कुणाच्या पोटी जन्मले, तिथून.

तुमच्या लॅबमध्ये रानटी उंदीर आणा असं मी अजिबात म्हणत नाही. आतड्याच्या जंतूंवर अवलंबून असलेला प्रयोग करताना सगळे प्राणी एकाच घरचे असावेत आणि ते घर कोणतं ते लिहिलेलं असावं, एवढंच.

१३. आईला काय खायला दिलं, यानेही फरक पडतो का? पिंजऱ्याच्या प्लास्टिकने?

दोन्हींनी. आहाराचं नेहमीचं उदाहरण पिवळ्या अगूटी माइसचं. २००३ साली ड्यूक विद्यापीठात गर्भार माद्यांना फॉलिक अ‍ॅसिड, बी१२, कोलीन, बीटेन जास्त दिलं तेव्हा पिवळ्याऐवजी तपकिरी पिल्लं जास्त जन्मली. नुसत्या आईच्या जेवणाने केसांचा रंग बदलला. सोयाबीन असलेल्या खाद्यात इस्ट्रोजेनसारखी वनस्पतिजन्य द्रव्यं असतात, म्हणून हार्मोनचं काम करणाऱ्यांनी खाद्याची गोणीसुद्धा मध्येच बदलू नये.

प्लास्टिकची गोष्ट १९९८ सालची. क्लीव्हलँडमध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या लॅबमध्ये कंट्रोल माइसच्या बीजांडांतल्या गुणसूत्रांचा गोंधळ एक-दोन टक्क्यांवरून अचानक चाळीस टक्क्यांवर गेला. शोधता शोधता कळलं की पिंजरे आणि बाटल्या चुकून फरशीच्या कडक साबणाने धुतल्या गेल्या होत्या. पॉलिकार्बोनेट झिजून त्यातून बिस्फेनॉल-ए झिरपत होतं. तुमच्याकडचे पिंजरे पांढुरके, खरखरीत, तडे गेलेले असतील तर बदला.

आणि एक उदाहरण आपल्या पुण्याचं. तिथे विस्टार रॅटची एक वसाहत ५० पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवली गेली. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या रॅटमध्ये लठ्ठपणा आणि मधुमेहाची प्रवृत्ती दिसली, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खायला घालूनही ती गेली नाही. त्या चमूत डॉ. चित्तरंजन याज्ञिकही होते. पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांची बाळं त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासली, म्हणून उंदरांवरचं हे काम आपल्याला परकं वाटत नाही. विकत आणलेल्या रॅटच्या आजीने काय खाल्लं हे कुणी सांगू शकत नाही. तुमच्या स्वतःच्या वसाहतीचं मात्र सांगता येतं.

१४. नॉकआउट (एखादं जनुक निकामी केलेल्या) माइसना कंट्रोल म्हणून त्याच जातीचे साधे माइस विकत घेतले तर?

नको. नॉकआउट पिल्लांना नॉकआउट आईने वाढवलेलं असतं, साध्यांना साध्या आईने. फरक पिल्लाच्या जनुकाचा की आईच्या, कळणार नाही. १९९६ सालचं फॉस-बी या जनुकाचं उदाहरण लख्ख आहे: हे जनुक नसलेल्या माद्या पिल्लांना जवळ घेत नाहीत आणि पिल्लं दगावतात. तीच पिल्लं साध्या आईकडे दिली तर जगतात.

दोन्ही पालक हेटरोझायगस (त्या जनुकाची एक प्रत चालू, एक निकामी) घ्या आणि त्याच वेतातली साधी भावंडं कंट्रोल म्हणून वापरा. पिल्लं जास्त वाया जातात ही तक्रार खरी आहे, तरीही. जिथे हे शक्यच नसेल तिथे क्रॉस-फॉस्टरिंग (प्रश्न ५).

१५. एका पिंजऱ्यात दोन माद्या एकदम व्यायल्या. वेत कसं मोजू?

माऊसच्या माद्या पिल्लं एकत्र करतात आणि दोघी मिळून पाजतात. अशा पिंजऱ्यातलं कोणतं पिल्लू कुणाचं हे नंतर डोळ्यांनी सांगता येत नाही. अख्खा पिंजरा एक एकक धरा. वेत महत्त्वाचं असेल तर विण्याच्या काही दिवस आधीच माद्या वेगळ्या करा. ऐन बाळंतपणात हलवू नका, घाबरलेली आई पिल्लं खाते. त्याच कारणासाठी पहिले काही दिवस पिंजरा बदलू नका, आणि बदलताना जुन्या घरट्यातला मूठभर भाग नव्यात ठेवा.

१६. सगळ्या लॅबनी एकच ठरावीक पद्धत पाळली तर हा सगळा घोळ संपेल ना?

हे करून पाहिलं आहे. जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टेन आणि ब्रूस डुडेक यांनी पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी इथे एकाच वेळी त्याच जातींच्या माइसवर त्याच चाचण्या केल्या. उपकरणं, खाद्य, वय, दिव्यांच्या वेळा, पिंजरे बदलण्याचे दिवससुद्धा जुळवले. १९९९ साली निकाल आले: काही चाचण्यांत लॅबनुसार ठळक फरक. प्रवास करून आलेले आणि तिथेच जन्मलेले यांत मात्र फारसा फरक दिसला नाही, म्हणजे प्रश्न ११मधली भीती प्रत्येक चाचणीला लागू होत नाही, हेही नोंदवायला हवं.

हॅनो वुर्बेल यांनी २००० सालीच इशारा दिला की परिस्थिती जितकी घट्ट आवळाल तितका निकाल फक्त त्या परिस्थितीपुरता खरा ठरतो. मला हे पूर्ण पटतं. बालपण एकसारखं करण्याच्या हट्टापेक्षा दोन-तीन खेपांत, वेगवेगळ्या आयांची, थोड्या वेगळ्या रॅकवरची पिल्लं घ्या आणि ती दोन्ही गटांत समान वाटा. या सगळ्यातूनही जो परिणाम टिकेल तोच लिहिण्यासारखा.

१७. पेपरमध्ये आणि समितीच्या अर्जात यातलं काय लिहू?

प्राण्यांवरचे प्रयोग पेपरमध्ये कसे मांडायचे यासाठीच्या अराइव्ह मार्गदर्शक सूचना २०१० साली आल्या, सुधारित आवृत्ती २०२० साली. त्यात प्राण्यांच्या पार्श्वभूमीसाठी आणि निवासासाठी जागा आहे, पण बहुतेक जण 'प्रमाणित परिस्थितीत ठेवले' या एका ओळीत ती भरतात. त्याऐवजी लिहा: प्राणी कुठे जन्मले आणि कोणत्या वयात आले, किती आयांची पिल्लं, वेत किती पिल्लांचं ठेवलं, दूध कोणत्या दिवशी तोडलं आणि जन्मदिवस शून्य धरला की एक, तूस काय होतं, घरट्याला काय दिलं, एका पिंजऱ्यात किती जण, गट पाडताना वेत कसं वाटलं. सहा-सात ओळी होतात. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीपुढे सीसीएसईएचा (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती, पूर्वीचं सीपीसीएसईए) फॉर्म बी भरताना प्राण्यांची संख्या वेतांच्या हिशेबाने मांडली, तर प्राणी जास्त का हवेत हेही समजावून सांगता येतं.

१८. प्रयोग होऊन गेला. रजिस्टरमध्ये आयांची नोंदच नाही. आता काय करू?

आधी अ‍ॅनिमल हाउसमधल्या मामांना किंवा मावशींना विचारा. कोणता पिंजरा कुठे होता, कोणती आई पिल्लं खायची, कोणत्या आठवड्यात शेजारी ड्रिलिंग चालू होतं, हे त्यांच्या इतकं कुणाला आठवत नाही. मी अनेकदा पाहिलंय की तीन वर्षांच्या डेटातला एक न सुटणारा विस्कोट त्यांच्या एका वाक्याने सुटला. खरेदीची बिलं, खाद्याच्या पावत्या, खोलीच्या तापमानाच्या वह्या काढा. तरीही वेत कळत नसेल तर पिंजरा हे एकक धरून विश्लेषण करा. फरक त्यात टिकला नाही तर तसं लिहा. टिकला तरी 'वेताची माहिती उपलब्ध नव्हती' हे पेपरमध्ये स्पष्ट लिहा. परीक्षक नाराज होईल, पण पुढच्या माणसाला कळेल की हा निकाल कुठून तपासायचा.

आणि उद्या सकाळी पुढच्या बाळंतिणीच्या पिंजऱ्यावर कार्ड लावा. आईचा क्रमांक, कितवं बाळंतपण, विण्याची तारीख, पिल्लं किती जन्मली, किती ठेवली. पेन्सिलने लिहा, शाई धुताना पुसली जाते.